कोणी पाहिलंच नाही, मग 'त्याने आधी वार केला' हे कोर्ट कसं तपासतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शेतात दोघंच होते, एक मेला, दुसरा म्हणतोय त्याने आधी माझ्यावर हत्यार उगारलं म्हणून मी मारलं, बघणारा कोणीच नाही, मग कोर्ट ठरवणार कसं आणि साक्षीदार नाही म्हणजे तो सुटणारच का.

साक्षीदार नाही म्हणून कोणी आपोआप सुटत नाही, आणि माणूस मेलाय म्हणून आपोआप अडकतही नाही. मी सेशन्स कोर्टात वकिली करतो, दोन्ही बाजूंनी काम केलंय, आणि अशा केसमध्ये मी आधी कोणाचा जबाब वाचत नाही. आधी घटनास्थळ पंचनामा, मग पीएम रिपोर्ट (शवविच्छेदनाचा अहवाल), मग आरोपीचं मेडिकल, आणि सगळ्यात शेवटी कोण काय म्हणतं ते. कारण माणसं दोन दिवसात गोष्ट जुळवून घेतात, पण जखम कुठे आहे आणि रक्त कुठे सांडलंय हे नंतर बदलता येत नाही.

वकिलीच्या सुरुवातीला सिनियरकडे असताना अशीच बांधावरच्या भांडणाची केस होती, दोघं चुलतभाऊ. मयताच्या डोक्यात काठीचा एकच घाव, कवटी फुटलेली. फिर्यादीत असं की आरोपी दबा धरून बसला होता. आता पंचनाम्यात एक ओळ होती, मयताच्या अंगाखाली कोयता मिळाला, पात्याला रक्त. तपासात त्या कोयत्याबद्दल कोणाला काही विचारलेलंच नव्हतं. आणि अटकेनंतरच्या मेडिकलमध्ये आरोपीच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला, दोन कापल्याच्या जखमा, 'साध्या' म्हणून सोडून दिलेल्या. तुम्ही डोक्यावर येणारा वार अडवायला हात वर करून बघा, नेमकी तीच बाजू पुढे येते. सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीचा अहवाल, आला तेव्हा कोयत्यावरचं रक्त आरोपीच्या गटाचं निघालं, मयताचा गट वेगळा होता. सरकारी वकिलांना या जखमा कशा झाल्या हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तो सुटला, आणि माझ्या मते बरोबर सुटला. सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार निकालात हेच सांगितलंय की आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्ष देत नसेल तर तो काहीतरी लपवतोय असं कोर्ट समजू शकतं.

आता उलटं उदाहरण, जे सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण पुरावा म्हणून फार कमी लोक बघतात, ते म्हणजे मुंबईचा नानावटी खटला. तिथे बचाव थेट स्वसंरक्षणाचा नव्हता, झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या असा होता, पण गाभ्याचा प्रश्न तुमच्यासारखाच, बंद बेडरूममध्ये दोघंच, एक मेला, आणि झटापट झाली का नाही हे सांगणारा एकटा जिवंत माणूस म्हणजे आरोपी. २७ एप्रिल १९५९, नौदलातल्या कमांडर नानावटीला बायकोने प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं सांगितलं, त्याने बायकामुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आणि आहुजाच्या फ्लॅटवर गेला. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, कमरेला फक्त टॉवेल. नानावटीचं म्हणणं, आहुजाने रिव्हॉल्व्हरवर झडप घातली आणि ओढाताणीत गोळ्या सुटल्या.

आणि प्रेत सापडलं तेव्हा टॉवेल कमरेला तसाच होता, सुटलेला नाही, सैल झालेला नाही.

इथेच बरेच लोक थांबतात आणि 'टॉवेलमुळे पकडला गेला' म्हणतात, ते मला पटत नाही. एकटा टॉवेल काहीच सिद्ध करत नाही, घट्ट गाठ मारली असेल तर राहीलही. पण त्याच्या शेजारी बाकीचं ठेवा. तीन गोळ्या, पाठोपाठ, आणि रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर प्रत्येक गोळीला वेगळा दाबावा लागतो. एक छातीत, एक हाताच्या बोटांच्या बेचक्यात, एक डोक्याला. बाहेर पडताना मयताची बहीण घरातच होती, तिला 'अहो चुकून गोळी लागली' असं एका शब्दानेही सांगितलं नाही. घरून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेलेले, म्हणून 'अचानक भडकलो' हेही टिकलं नाही. यातली एखादी गोष्ट योगायोग म्हणून सोडता येईल, पण सगळ्याच योगायोग मानायच्या तर मग बोलायलाच नको.

ज्युरीने, म्हणजे तेव्हा निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं, बाहेर पेपर आणि लोकभावना पूर्ण त्याच्या बाजूला. सेशन्स जज्जना तो निकाल पुराव्याला धरून वाटला नाही म्हणून त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. (१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली तो भाग वेगळा, माफी मिळाली म्हणून गुन्हा झालाच नाही असं होत नाही.)

म्हणजे करायचं काय, तर आरोपीची गोष्ट घ्या आणि विचारा की हे खरं असतं तर तिथे काय काय दिसायला हवं होतं, आणि तेच सरकार पक्षाच्या गोष्टीलाही विचारा. हत्यार कोण घेऊन आलं, जागा कोणाची, घाव किती आणि मयत खाली पडल्यावरही चालू होते का, घाव समोरून का पाठीमागून, आरोपी नंतर स्वतः पोलीस पाटलाकडे गेला का काठी विहिरीत टाकून पाहुण्यांकडे पळाला, आणि पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा काय बोलला. वकिलाने दोन वर्षांनी आरोपीच्या जबाबात घातलेल्या 'माझ्यावर हल्ला झाला' ला तेवढं वजन नसतं.

कायद्याची बाजू पण नीट समजून घ्या कारण गावात यावर फार उलटसुलट बोललं जातं. स्वसंरक्षण आधी आयपीसीच्या (जुनी भारतीय दंड संहिता) ९६ ते १०६ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसच्या (तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) ३४ ते ४४ मध्ये आहे. ते दाखवायची जबाबदारी आरोपीची, पण सरकार पक्षासारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, हेच जास्त संभवतं इतकं दिसलं तरी पुरे. आणि जीवावर बेतलेल्या माणसाने किती जोरात मारायला हवं होतं हे कोर्ट सोन्याच्या काट्यावर तोलत नाही, पण समोरचा निपचित पडल्यावर आणखी चार घाव घातले तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

अजून एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. आरोपी खोटं बोलला हे पकडलं गेलं म्हणजे खून सिद्ध झाला असं नाही. पुण्यातल्या शरद बिरधीचंद सारडा केसमध्ये १९८४ ला सुप्रीम कोर्टाने परिस्थितिजन्य पुराव्याची (बघणारा साक्षीदार नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जुळवलेला पुरावा) पाच सूत्रं सांगितली, साखळीची प्रत्येक कडी आधी सिद्ध हवी आणि सगळी मिळून दुसऱ्या कुठल्या शक्यतेला जागा राहता कामा नये. खोटा बचाव हा फार तर आधीच पूर्ण झालेल्या साखळीला जादा जोड, साखळीतली तुटलेली कडी त्याने भरून निघत नाही. त्या केसमध्ये खालच्या कोर्टाने फाशी दिलेली, सुप्रीम कोर्टाने सोडलं. घाबरलेला माणूस खरं असूनही खोटं बोलतो, हे मी लॉकअपबाहेर बसून कितीदा पाहिलंय.

तुमच्या गावातल्या केसमध्ये मयताच्या अंगावर किती घाव आणि आरोपीच्या हातावर काही खुणा होत्या का हे तुम्ही लिहिलेलं नाही. आरोपी तुमच्या जवळचा असेल तर त्याच्या वकिलांना आज विचारा की अटकेनंतरचं मेडिकल झालं का, आणि त्याचे त्या दिवशीचे कपडे जप्त होऊन सीएकडे गेलेत का. घरात कोणी धुऊन टाकले नसतील तर अजिबात धुऊ नका.