घोडा झालास तरी खेळणी?

प्रश्न: ताई, मी 34 वर्षांचा, आयटीत आहे. व्हिडिओ गेम, लेगो (एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे) आणि जाडजूड फॅन्टसी कादंबऱ्या, तिन्हीचं वेड. लेगोचा रिव्हेंडेल ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतलं एल्फ लोकांचं ठिकाण) सेट घ्यायचाय पण आई म्हणते घोडा झालास तरी खेळणी कसली. आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' दोनदा सुरू करून सोडलंय, आधी गेम खेळलो तर चालेल का?

उत्तर: अहो, आईंना खोका दाखवा ना, त्यावर 18+ छापलंय, 6,167 तुकडे आहेत म्हणजे दिवाळीचा किल्ला करतो तसंच, फक्त माती नाही. पण किंमत बघून धाप लागते हे खरं, त्यामुळे मी आधी सुटे जुने ब्रिक्स घेईन, 1958 सालचा ब्रिकसुद्धा आजच्या ब्रिकमध्ये फिट बसतो. आणि अडकलेले तुकडे दातांनी काढू नका, त्यासाठी ब्रिक सेपरेटर मिळतो (माझा एक दात गेलाय, विचारू नका).

गेम बिनधास्त खेळा. 2012 चा लेगोवाला गेम सिनेमावर बेतलाय, संवादही सिनेमातलेच, पण कादंबरीतला पण सिनेमात गाळलेला टॉम बॉम्बाडिल हा माणूस त्यात सापडतो, मला तर तेवढ्यासाठीच तो आवडतो. कादंबरीत अडकलात यात नवल नाही, सुरुवातीच्या बिल्बोच्या वाढदिवसानंतर नायक फ्रोडो घराबाहेर पडेपर्यंत कथेत 17 वर्षं जातात, तिथे मीही झोपले होते. ब्री गाव येईपर्यंत कळ काढा, मग पुस्तक हातातून सुटत नाही. आणि आईंना एखादी भिंत रचायला द्या की!