आधी मावशीच्या गोळ्या

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त.

तुझा व्हॉईस मेसेज दोनदा ऐकला. अंबडकडच्या त्या मंडपात प्रचारकानं तेलाच्या बाटल्या विकल्या, 'बी पेरा, शंभरपट उगवेल' म्हणत लोकांचे मोंढ्यातून आलेले सोयाबीनचे पैसे झोळीत घेतले, आणि मावशीनं शुगरच्या गोळ्या बंद केल्या. व्हिडिओ तुझ्याकडे आहे, आज रात्रीच सगळ्या ग्रुपवर टाकतो म्हणतोस.

व्हिडिओ राहू दे. आधी मावशीला दवाखान्यात ने, शुगर तपासून घे. प्रचारक खोटा आहे हे आत्ता तिला पटवत बसू नकोस, ती चिडेल आणि गोळ्या राहतील बाजूला. "मावशी, गोळी घे आणि मग आपण दोघं प्रार्थना करू," एवढंच म्हण. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. तरुण सोबती तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं तेव्हा प्रेषित पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, तेलाची बाटली नाही पाठवली. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय, हे मात्र खरं. पण तिथं मंडळीचे वडील, म्हणजे तिथली जाणती जबाबदार माणसं, घरी येतात, प्रार्थना करतात. बाटलीची किंमत कुठं लिहिलेली नाही.

त्या 'बी पेरा'चं उत्तर तर तुझ्या बापाला विचार. बी टाकलं आणि पावसानं ओढ दिली की शंभरपट कुठून येतं? आणि येशूनं पेरणाऱ्याच्या त्या दाखल्याचा, म्हणजे बोधकथेचा, अर्थ स्वतःच सांगितलाय, लूक ८:११ मध्ये: बी म्हणजे देवाचं वचन. पाचशेची नोट नव्हे.

आता माझं ऐक. तुझ्या वयाचा असताना एका घरगुती प्रार्थनासभेत मी एका साध्या माणसाला सगळ्यांसमोर 'खोटा शिक्षक' म्हणालो. त्यानं त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याबद्दल, काहीतरी चुकीचं सांगितलं होतं, हे खरं. पण त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं. त्याची बायको चहाचे कप उचलत होती, तिचा हात थांबला. ते घर मंडळीत परत आलं नाही. पौलाच्या काळातल्या अपुल्लो या उपदेशकाला बाप्तिस्म्याबद्दल अर्धंच माहीत होतं, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्यानं त्याला बाजूला नेऊन समजावलं. मी ते वाचलेलं होतं, तरी केलं नाही.

तुझा प्रचारक अपुल्लो नाही, असं मलाही वाटतं. पण वाटणं पुरेसं नाही. त्याचं पूर्ण भाषण ऐक, त्यानं दिलेली वचनं उघडून मागचंपुढचं वाच. बिरुया शहराच्या लोकांनी पौलालासुद्धा असंच तपासलं, आणि शास्त्रात त्यांची तारीफ आहे. मग पाळकांना आणि एका वडिलांना घेऊन त्याला भेट, तोंडावर विचार. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात चुकला तेव्हा पौल त्याच्या तोंडावर बोलला. त्यानं ऐकलं नाही तर मंडळीत उघड सांगा, नाव घेऊन, आणि त्याला पुन्हा मंडप देऊ नका. योहानानं दुसऱ्या पत्रात अशांना घरात घेऊ नका म्हटलंय, ते मला कठोर वाटायचं. आता वाटत नाही.

व्हिडिओचं एक सांगायचं राहिलं. त्यात पैसे टाकणाऱ्या बाया दिसतात ना? तुझ्या मावशीसकट? गाव त्यांनाच हसेल, तो तर पुढच्या तालुक्याला गेलेला असेल. त्यातल्या कितीजणींनी शास्त्र स्वतः उघडून वाचलंय? पंडिता रमाबाई १९२२ साली गेल्या, शेवटपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायच्या कामात होत्या. आपण मात्र आपल्या बायांना कपाटात ठेवायला बायबल दिलं. माझी मंडळीही त्यातच आली.

बुधवारी दुपारची एसटी धरून येतो. मावशीच्या ओट्यावर बसून लूकचा आठवा अध्याय वाचू, शेजारणींना बोलाव. आणि शुगर किती निघाली ते आज रात्रीच कळव.

तुझा,
काका