‘झोपेत बाबांना उठवतं कोण?’ : सोलापूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. यजमान यंत्रमागावर कामाला आहेत, रात्री जोरात घोरतात, मधेच श्वास अडकून दचकून उठतात. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार निघाला, आता मशीन लावून झोपतात. हे सगळं पाहणारी लेक अकरावी सायन्सला आहे. तिला डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेपेक्षा ‘झोपेत बाबांना उठवतं कोण’ याचा अभ्यास करायचाय. क्लासवाले म्हणतात, बायोलॉजी आहे ना, मग गणित सोडून द्या. आणि तुम्ही विचारताय, असल्या शिक्षणावर पोट भरतं का?

पोटाचं पुढे सांगते. आधी तिचा प्रश्न, कारण तो खरोखर मोलाचा आहे.

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी, मेड्युलात ठरते. शाळेच्या पुस्तकात तिनं हाच भाग मस्तिष्कपुच्छ म्हणून वाचला असेल. 1991 मध्ये अमेरिकेत जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या नवजात पिल्लाच्या मेड्युलाचा पातळ काप द्रावणात ठेवला. ना फुप्फुस, ना शरीर, तरी त्यातल्या चेतापेशी श्वासाच्या लयीत संकेत देत राहिल्या! त्या पेशीसमूहाला प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स म्हणतात.

घोरण्यासोबतच्या अ‍ॅप्नियात बहुधा झोपेत जिभेचे, घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते. मेंदू श्वास घ्यायला सांगत असतो, हवा आत जात नाही. रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड मेड्युलातल्या काही पेशी ओळखतात, ऑक्सिजन घटल्याची खबर मानेतल्या कॅरोटिड बॉडी नावाच्या छोट्या गाठी देतात. या खबरा मेड्युलाच्या वरच्या पॉन्स या भागातल्या पॅराब्रेकियल केंद्रक नावाच्या पेशीसमूहापर्यंत जातात आणि तिथल्या पेशी झोपलेल्या मेंदूला जागं करतात. 2017 मध्ये बोस्टनच्या क्लिफर्ड सेपर यांच्या गटानं उंदरांमध्ये यातल्याच ठरावीक पेशी प्रकाशाच्या मदतीनं गप्प केल्या. कार्बन डायऑक्साइड वाढवला तरी उंदीर बहुतेक वेळा झोपूनच राहिले, श्वासाचा जोर मात्र त्यांनी वाढवला. म्हणजे जास्त श्वास घेणं आणि झोप मोडणं या दोन वाटा वेगळ्या करता येतात. माणसाची झोप न मोडता त्याचा श्वास सांभाळणारं औषध निघेल का, हा शोध इथूनच पुढे जातो. रात्रभर झोप मोडण्याचा त्रास काय असतो, हे तुमच्या घराला कुणी सांगायला नको.

आता गणित. क्लासचा सल्ला नीटपुरता बरोबर आहे, नीटमध्ये गणित नसतं. पण चेतापेशी विजेच्या संकेतांनी बोलतात. ते मोजायला भौतिकशास्त्र लागतं, त्यांची लय उलगडायला गणित. विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या आयसर या सरकारी संस्थांच्या प्रवेश परीक्षेतही 60 पैकी 15 प्रश्न गणिताचे असतात. अकरावीत गणित सोडून नंतर पस्तावलेली मुलं माझ्याकडे येतात, म्हणून इतक्या आग्रहानं सांगतेय.

पुण्याच्या आयसरमध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर असा एकत्र अभ्यासक्रम आहे. तिथं जमलं नाही तर सोलापुरातच संगमेश्वर, वालचंद किंवा दयानंदमध्ये बी.एस्सी. करून बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेची किंवा मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची तयारी करता येते. एमबीबीएस करून फिजिऑलॉजीत (शरीरक्रियाशास्त्रात) एमडी, मग संशोधन, हीही चांगली वाट आहे. त्यामुळे नीट आणि आयसर, दोन्ही परीक्षा तिनं द्याव्यात.

पैशाचं स्पष्ट सांगते. पीएचडीच्या काळात 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, घरभाडं भत्ता वेगळा. पण तिथवर पोचायला बारावीनंतर पाच वर्षं, पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं, आणि कायमची जागा मिळेपर्यंत ती तिशी ओलांडेल. डॉक्टर होण्यालाही वेळ लागतो, पण तिथं कमाई लवकर आणि खात्रीची असते. घराचा भार लवकर तिच्यावर येणार असेल, तर हा हिशोब तिला समोर बसवून मोकळेपणानं सांगा. तिच्यापासून लपवू नका.

गणित सोडायचा अर्ज कॉलेजात दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर उद्याच ऑफिसात जाऊन मागे घेता येतो का ते विचारा. यजमानांना मशीन रोज लावायला सांगा, त्यात खंड नको. आणि पुढचं पत्र लेकीला लिहू द्या, तिच्या मनातले बाकीचे प्रश्नही मला वाचायचे आहेत.