वाचकांचे प्रश्न : बसऱ्याला गेलेल्या शिपायाचा माग

प्रश्न : पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीतून बसऱ्याला गेले, ते परतले नाहीत. घरात त्यांच्या नावाची जड, गोल तबकडी आणि रुप्याचं एक पदक आहे. इंडिया गेटवर नाव सापडलं नाही. माहिती कशी मिळेल?
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : तबकडी बाजूला ठेवा. कांस्याची, सुमारे १२ सेंमी व्यासाची ही तबकडी युद्धात मरण पावलेल्याच्या घरी पाठवली जाई. सगळ्यांचं मरण सारखं मानायचं म्हणून तिच्यावर हुद्दा, नंबर, पलटण काहीच कोरत नसत. तुमचं काम होणार ते पदकाच्या कडेवरून. कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ओळीनं ठोकलेली असतात. चिंच, लिंबू किंवा राख अजिबात लावू नका. आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातात. खोलीत अंधार करा, टॉर्चचा उजेड आडवा पाडा आणि पदक थोडं थोडं फिरवत कडेचे पाच-सहा फोटो घ्या.

नंबर आणि पलटण दोन्ही हवेत. तेव्हा प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे असत, त्यामुळे एकच नंबर अनेक पलटणींत सापडतो. कडेवर १०३, ११० किंवा ११७ मराठा असेल तर इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्याचा विचार करा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात या पलटणी तिथे अडकल्या होत्या. शरणागतीनंतर कैदेतही पुष्कळजण मेले.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. पैसे लागत नाहीत. आधी नाव घालू नका, नंबर घाला. नावांची स्पेलिंगं कारकुनाच्या कानावर अवलंबून होती. ‘जाधव’च्या शेवटी ‘ए-व्ही’ऐवजी ‘ए-ओ’ सापडतं. नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव आणि गाव असतं, तेच खरं ताडून पाहायचं. जिल्हे तेव्हाचे लक्षात घ्या : वाळवा, तासगाव साताऱ्यात, सावंतवाडी संस्थान सोडून आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीत.

इंडिया गेटवर सुमारे १३,००० नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची. इराकमध्ये मेलेल्या, कबर नसलेल्या सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथंही नाव दिसेल असं धरू नका. भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा लिहिला. हा अन्याय होता, आणि २०२१ मध्ये आयोगाने त्याबद्दल माफी मागितली. नावं आयोगाच्या नोंदवहीत आहेत, म्हणूनच संकेतस्थळावरचा शोध महत्त्वाचा.

पलटणीची रोजनिशी लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये मिळते. तिच्यात शिपायाचं नाव सहसा येत नाही, पण मृत्यूच्या तारखेला पलटण कुठे होती ते कळतं. गावच्या चावडीवर किंवा शाळेत संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहा. लढाईला किती गेले आणि किती मेले, एवढं तिच्यावर असतं.

नोंदीत चूक आढळली तर कडेचे फोटो जोडून आयोगाला दुरुस्तीसाठी लिहा.