कोरलची कापाकापी आणि वेगळी टाकी

प्रश्न : आमच्या बेसमेंटमध्ये ७५ गॅलनची रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, मस्त सेट झालीय. आता मोंटिपोरा, बर्ड्सनेस्ट आणि हॅमर हे कोरल एवढे वाढलेत की एकमेकांच्या अंगावर चाललेत. कापून फ्रॅग (वाढवायला लावायचे छोटे तुकडे) करायचे म्हणते, इथल्या हौशी लोकांना देता येतील. त्यासाठी २० गॅलन लाँगची टाकी घेणार आहे, ती पूर्ण वेगळी चालवू का मेन टँकला जोडू? हे म्हणतात अजून एक हीटर, अजून एक स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), लाइट बिल कोण भरणार!
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, जोडाच. आणि बिलाचं कारण सोडा हो, खरं कारण पाण्याचं आहे. २० गॅलनच्या टाकीत तीस-चाळीस कडक कोरल वाढायला लागले की ते सांगाडा बांधायला अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) आणि कॅल्शियम भराभर खातात, आणि एवढ्याशा पाण्यात एक दिवस डोस चुकला तरी काटा हलतो. अल्कलिनिटी एका दिवसात एक डीकेएचपेक्षा (अल्कलिनिटी मोजायचं एकक) जास्त वर-खाली झाली की ताजे कापलेले फ्रॅग आधी नाराज होतात. तेच मेन टँकच्या सम्पला (खाली ठेवलेली हीटर-स्किमरची टाकी) जोडलं की सगळं मिळून शंभर गॅलनच्या आसपास पाणी होतं, टेस्ट एकदाच, डोसिंग एकच, हीटर-स्किमर तेच. आकड्यांच्या मागे फार लागू नका, अल्कलिनिटी ८ ते ९, कॅल्शियम ४२० च्या आसपास, खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), आणि हे रोज तिथंच राहिलं म्हणजे झालं. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायचा नाद मात्र नको, पाणी जास्तच स्वच्छ केलं की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर) येतात आणि मग कोरल सोडून तेच पुसत बसावं लागतं.

टाकी तुम्ही बरोबर निवडलीय, १२ इंच खोल म्हणजे लाइट खालपर्यंत पोचतो आणि हात घालून काम करता येतं. तळाला वाळू घालू नका. पांढरी एगक्रेटची (चौकोनी भोकांची प्लास्टिकची) जाळी पाण्यात चार-पाच इंच खाली राहील अशी पीव्हीसीच्या पायांवर ठेवा, प्लग (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या बैठका) त्यात बसतात आणि खालचा कचरा सायफनने ओढता येतो. प्रवाह एकाच बाजूने तोंडावर मारू नका, दोन छोटे पंप समोरासमोर आलटून-पालटून चालू-बंद होऊ देत. लाइट पहिले दोन आठवडे कमी, पार (PAR, कोरलला मिळणाऱ्या उजेडाचं माप) १०० च्या आत-बाहेर, मग मोंटिपोरा आणि बर्ड्सनेस्टसाठी हळूहळू २०० च्या पुढे न्या, हॅमरला मात्र कोपऱ्यात कमी उजेडात ठेवा. हॅमरचे लांब टेंटॅकल रात्री बाहेर येतात आणि शेजाऱ्याला चटके देतात, त्यामुळे त्याच्याभोवती सहा इंच जागा मोकळी हवी.

आता जोडताना एक गोष्ट नक्की करा, लोक इथंच फसतात. लाइट गेली किंवा पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं. ३० बाय १२ इंचाच्या टाकीत पाणी एक इंच उतरलं तरी दीड गॅलन म्हणजे जवळपास सहा लिटर होतात, आणि रिटर्नचं (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर तिथपर्यंतचं सगळं उलटं ओढलं जाईल. तोंड पाण्याच्या पातळीलगतच ठेवा, आणि कोरल घालायच्या आधी मुद्दाम सगळे पंप बंद करून बघा, सम्पमध्ये मावतंय का. बेसमेंटच्या कार्पेटवर खारं पाणी गेलं तर घरचे बिलाबद्दल नाही, दुसऱ्याच विषयावर बोलतील.

कापायचं तसं सोपं आहे. मोंटिपोरा, बर्ड्सनेस्ट बोन कटरने तुटतात, हॅमर फांद्यांचा असेल तर मांसल डोक्यापासून खाली, नुसत्या सांगाड्यावर कापा, आणि भिंतीसारखा सलग हॅमर असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका. जेलवाला सुपरग्लू चालतो. गॉगल आणि ग्लोव्हज घाला, खास करून कधी झोआंथिड (झोआ, बटणासारखे मऊ कोरल) कापायला घेतले तर, त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. झोआ लागलेला दगड साफ करायला उकळायचा तर अजिबातच नाही, ती वाफ लोकांना हॉस्पिटलात घेऊन गेलीय.

उलट बाजू एकच. बदल्यात कुणाकडून फ्रॅग आणलात तर तो या जोडलेल्या टाकीत नको. मोंटिपोरा खाणारा न्यूडिब्रँक (बिनशंखाची छोटी समुद्री गोगलगाय) आला की तो थेट मेन टँकमध्ये घुसणार, आणि डिपमध्ये (किडे मारायच्या औषधात बुडवून काढण्यात) मोठे मरतात पण अंडी मरत नाहीत. पाहुण्यांसाठी १० गॅलनची सुटी टाकी ठेवा, दर आठवड्याला डिप, प्लग फेकून नवा लावायचा, दीड-दोन महिने. इथं मात्र वेगळा हीटर लागेल, तेवढं घरी समजावून सांगा.

शेवाळाचं विचाराल तर येणारच, भरपूर लाइट आणि चरणारं कुणी नाही. चार-सहा ट्रोकस गोगलगायी सोडा. टँग मासा एवढ्याशा टाकीत घालू नका, बिचाऱ्याला पोहायला जागा नाही.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून येतोय, त्याच्या टाकीतले दोन-तीन छोटे फ्रॅग बॅगेतून आणले तर चालेल का? घरीच वाढवलेले आहेत, समुद्रातले नाहीत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. कडक कोरल सायटिस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत, देशाबाहेर न्यायचे तर परमिट लागतं, घरी वाढवलेला असला तरी. आणि आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ बांधणारे सगळे कडक कोरल, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलून शोकेसमध्ये ठेवायचा नाही. दुकानात झोआ, मश्रूम असले मऊ प्रकार दिसतात ते त्या यादीत नाहीत, पण माल कुठून आला आणि कागद काय आहेत हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि दुकानदार ‘कोरल सगळे सारखेच’ म्हणाला तर उठून या. जिवंत कडक कोरल बघायचेच असतील तर पावसाळा सोडून मालवणला जा, स्नॉर्केलिंगला पोहता यायची पण गरज नाही, फक्त पाय खाली टेकवू नका.