शामोनी ते झर्मॅट स्की टूर: पैसे भरण्याआधी

पिस्टवर, म्हणजे तयार केलेल्या स्की-उतारावर, छान उतरता येतं म्हणून लगेच ओत रूटचं (फ्रान्समधल्या शामोनीहून आल्प्समधून स्वित्झर्लंडमधल्या झर्मॅटला जाणाऱ्या या स्की-मार्गाचं) बुकिंग करू नका. तिथे उतरण्यापेक्षा चढणं जास्त. स्कीला खाली स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) चिकटवून दिवसाला हजार मीटरच्या आसपास चढायचं आणि तेवढं झाल्यावर थकल्या पायांनी, कधी खरबरीत तर कधी मऊ पडलेल्या बर्फातून उतरायचं. तीव्र उतारावर किक टर्न (जागच्या जागी एकेक स्की उचलून वळणं) जमलाच पाहिजे. आधी गुलमर्गला अफरवटच्या बाजूला गाईडबरोबर एक आठवडा घालवा, आपली लायकी कळते.

गाईड आयएफएमजीएचाच, म्हणजे पर्वत-गाईडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेलाच बघा. गटात गाईडमागे किती जण आहेत आणि हवा बिघडली तर मार्ग कसा बदलणार, हे त्याला सरळ विचारा. हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत.

सगळ्यात जास्त डोकं विम्यावर घाला. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो घेतला की लोक निर्धास्त होतात. पण बऱ्याच पॉलिसींत पिस्टबाहेरचं स्कीइंग वगळलेलं असतं, आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल तुमच्याच नावावर. बारीक अक्षरात ‘ऑफ-पिस्ट’, ‘ग्लेशियर’ आणि उंचीची मर्यादा शोधा, कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधायचं सामान, म्हणजे ट्रान्सीव्हर (सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं, भाड्याने मिळतं. वापरण्याचा सराव मात्र भाड्याने मिळत नाही. बूट स्वतःचेच न्या, तेही केबिन बॅगेत. स्की हरवली तर दुसरी मिळेल, पायाला बसलेला बूट नाही.