दार लागणारी खोली

प्रिय मुली,

फिजिओथेरपीतली गुडघ्या-मणक्यांची ओपीडी सोडून बायकांच्या विभागात यावं का, असं विचारलंस. ये. पण आल्यावर आधी यंत्रं मागू नकोस, दार लागणारी खोली माग.

मी रुजू झाले तेव्हा आमचं हॉस्पिटल ४० खाटांचं होतं, आता ३००च्या वर गेलंय. मजले चढले, लिफ्ट आली, आणि या सगळ्यात माझी खोली दोनदा गेली. एकदा तिथे बिलिंगचं काउंटर आलं, एकदा सलाईनचे खोके. मला पडदा लावून काम करायला सांगितलं. पडद्यापलीकडे खुब्याचे पेशंट बसलेले असताना कुठली बाई सांगेल, की खोकलं की लघवी होते? ते दोन महिने माझ्या वहीत कंबरदुखीशिवाय काही नव्हतं. मी भांडले, लेखी मागणी दिली, खोली परत मिळवली. तुलाही भांडावं लागेल, आणि त्यात संकोच करू नकोस.

बायका सांगत नाहीत म्हणजे त्रास नसतो, असं समजू नकोस. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली ते प्रसिद्ध झालं. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. शिकत असताना मी ते वाचलं, आणि आजही नवी पेशंट समोर बसली की ते आकडे मला आठवतात.

‘लघवीचा त्रास आहे का?’ असं विचारलंस तर ‘नाही’ असंच उत्तर येईल. शिंक येताना पाय आवळून धरता का, एसटीचा प्रवास असला की सकाळपासून पाणी पीत नाही का, असं विचार. ‘अंग बाहेर येतं’, ‘खाली काहीतरी लागतं’ हे तिचे शब्द तू आधी उच्चारलेस की तिचा जीव मोकळा होतो.

मग व्यायाम, ओटीपोटाच्या तळाशी लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. केगल यांनी १९४८ साली तो मांडला, पण आपण त्याचा कागद छापून हातात देतो, आणि हीच मोठी चूक आहे. बाई आवळायच्या ऐवजी खाली जोर देते, श्वास कोंडते, नितंब घट्ट करते. तीन महिने घरी हेच करते आणि म्हणते, गुण नाही. खुद्द केगल स्नायूंचा दाब मोजणारं उपकरण वापरत, बाईला आपलं आवळणं कळावं म्हणून. तू हाताने तपास, दर वेळी तिची परवानगी घेऊन. ती नको म्हणाली तर त्या दिवशी नाही. सांगताना साधं सांग: वारा अडवता तसं आवळा, वर ओढा, श्वास चालू ठेवा, मग पूर्ण सैल सोडा. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ दा, आणि कमीत कमी ३ महिने. लघवी करताना मध्येच धार तोडायचा सराव मात्र सांगू नकोस. खोकण्याआधी आणि हंडा उचलण्याआधी आवळायचं, उचलताना श्वास सोडायचा, हे जमलं की फरक तिचा तिलाच कळतो.

‘पिशवीच काढून टाका’ म्हणत येणाऱ्या पुष्कळ भेटतील. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पिशवी काढल्याने खोकताना होणारी लघवी थांबत नाही, हे त्यांना कोणीतरी बसून सांगायला हवं. ते तू सांग. मात्र पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, किंवा अंग बाहेर राहून लघवी अडत असेल, तर व्यायामात एक दिवसही घालवू नकोस, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठव.

आणि बाळंतिणीसोबत आलेल्या सासूला बाहेर बाकावर विसरू नकोस. सून उठून गेली की कित्येकदा ती दारात रेंगाळते, पदराशी चाळा करत. तिला आत बोलाव, आणि दार लाव.

गुरुवारी दुपारी माझ्याकडे नव्या पेशंट असतात. येऊन कोपऱ्यात बस. त्यांना चालणार असेल तरच, ते मी आधी विचारेन.

तुझी,
मॅडम